आवडाबाईंची मलाई

आमच्या मंडळीत उपासना संपत आली की पाळकसाहेब विचारतात, "कुणाची काही प्रार्थनेची विनंती?" मग एकेक जण उभा राहतो. कुणाच्या मुलाची परीक्षा असते, कुणाच्या सुनेचे दिवस भरत आलेले असतात, कुणाला वाळूजच्या कंपनीत कायम व्हायचं असतं. सगळ्यांत शेवटी बायकांच्या बाजूने, खांबाजवळच्या बाकावरून आवडाबाई उठतात. डोक्यावरचा पदर सारखा करतात आणि दर रविवारी तेच सांगतात.

"माझी पोर मलाईला हाय. तिची याद ठेवा."

मागच्या बाकांवर खसखस पिकते. तरुण पोरं एकमेकांना कोपरं मारतात. एकदा तर पाळकसाहेबच प्रार्थनेत म्हणून गेले, "आणि हे प्रभू, मलाईला असलेल्या आमच्या मुलीला..." आणि पुढे त्यांनाच हसू आवरेना. "मलाई म्हणजे कुठं हो?" असं कुणी विचारलं की आवडाबाई खिडकीबाहेर हात लांब करून म्हणतात, "लई लांब. आफ्रिकेत." पुरुषांच्या बाजूने त्यांचे यजमान कडूबा पुस्ती जोडतात, "दुधाच्या वरच्या अंगाला."

मीही पुष्कळदा हसले आहे. आज लिहायला बसले आहे ती त्याच मलाईमुळे.

आवडाबाई त्रिभुवन मुकुंदवाडीत राहतात, रेल्वे स्टेशनच्या मागच्या गल्लीत. घर दोन खोल्यांचं, पुढे पत्र्याची पडवी. त्यांचं माहेर अजिंठ्याजवळच्या एका खेड्यात. वडील मजुरी करत आणि रविवारी तिथल्या छोट्या ख्रिस्ती वस्तीच्या भजनात ढोलकी वाजवत. लग्न होऊन त्या शहरात आल्या तेव्हा कडूबा वाळूजच्या एका कारखान्यात नुकतेच लागले होते. आता कडूबा घरी असतात आणि मुलगा शिवराज त्याच रस्त्याने पाळीच्या बसने जातो. आवडाबाईंच्या आयुष्यात सांगण्यासारखं फार काही घडलं नाही, असं त्या स्वतःच म्हणतात. "घडलं ते समदं चुलीम्होरं घडलं."

बऱ्याच वर्षांपूर्वी कडूबांचा पाय मोडला आणि ते सरकारी दवाखान्यात, म्हणजे आम्ही सगळे ज्याला घाटी म्हणतो तिथे, पडून होते. आवडाबाई त्यांच्या खाटेजवळ बसून असत. खेड्यापाड्यांतून पेशंटबरोबर आलेली माणसं व्हरांड्यात भिंतीला टेकून बसलेली त्यांनी पाहिली. पेशंटला जेवण मिळायचं, ह्यांना कुणी विचारायचं नाही. कडूबा घरी आले तरी आवडाबाईंची घाटीची वाट सुटली नाही. दर शुक्रवारी भाकरी आणि पिठल्याची दुरडी घेऊन त्या निघतात. व्हरांड्यात जाऊन एकच प्रश्न विचारतात, "जेवलात का?" पुढे कुणी म्हणालं, "बाई, तुम्ही कोण? कशापायी देता?" तर येशूचं नाव सांगतात. नाही कुणी विचारलं, तर रिकामी दुरडी काखेत मारून घरी येतात.

आमच्यातल्या एका वडीलधाऱ्यांनी त्यांना एकदा टोकलं होतं, "आवडाबाई, असं गप्प राहून सुवार्ता कशी पोचायची?"

"मी कुठं गप ऱ्हाते?" आवडाबाई म्हणाल्या. "जेवलात का इचारते की."

आवडाबाईंची ती मलाईची पोर, ताई, आली ती एका रविवारी. तिचं खरं नाव तियामिके. विद्यापीठात शिकायला आली होती आणि चर्चची घंटा ऐकून आत येऊन शेवटच्या बाकावर बसली. उपासना पूर्ण मराठीत. तिला एक अक्षर कळलं नसणार. संपल्यावर आम्ही सगळ्यांनी तिचा हात हातात घेतला, हसून "वेलकम" म्हटलं आणि आपापल्या गाड्या काढल्या. आवडाबाईंना इंग्रजी येत नव्हतं, म्हणून त्यांनी पाची बोटं तोंडाकडे नेऊन विचारलं, "जेवलीस का?" आणि तिला रिक्षात घालून मुकुंदवाडीला नेलं.

भाकरी तिने खाल्ली, पण पोर पोट भरून जेवत नाही हे आवडाबाईंच्या नजरेतून सुटलं नाही. काय पाहिजे म्हणून विचारलं तर ती हवेत पळी फिरवून दाखवायची, मग दोन बोटांनी गोळी वळायची. कडूबा म्हणाले, "पोरीला औषध पायजे." आवडाबाई म्हणाल्या, "येडे का तुमी? घाटा मागतीय ती." आमच्याकडे मक्याचं पीठ उकळत्या पाण्यात हाटून जे घट्ट करतात तो घाटा. पिवळ्या मक्याचा केला तर तिने मान हलवली. तेव्हा आवडाबाईंनी माहेरी निरोप धाडून पांढरा मका आणवला. त्याचा घाटा पानात पडला तशी पोर रडायलाच लागली. तिच्या घरी रोज हेच जेवत होते. नाव तेवढं वेगळं होतं.

तिला राहायला खोली मिळेना. घरमालक तिला बघायचे आणि खोली नुकतीच गेली म्हणून सांगायचे. शेवटी आवडाबाईंनी तिची बॅग उचलून आपल्या पुढच्या खोलीत ठेवली. कडूबा पडवीत गेले. "मला घराबाहेर काढायला बाईनं आफ्रिकेतून पोर बोलावली," असं ते अजून सांगतात. तियामिके हे नाव आवडाबाईंच्या जिभेवर बसेना. तिया, तिया करता करता त्याचं ताई झालं. गल्लीतल्या बायका नळावर विचारायच्या, "आवडाबाई, ही कोण वो?"

"लेक माझी."

"एवढी काळी?"

"मंग मी काय लई गोरी हाय?"

शिक्षण होईपर्यंत ताई त्यांच्याकडे राहिली. मराठी शिकली ती आवडाबाईंच्या स्वयंपाकघरात. त्यामुळे तिला शिव्या आधी आल्या आणि व्याकरण शेवटपर्यंत आलं नाही. शुक्रवारी दुरडीचा दुसरा कान तिच्या हातात असे. घाटीच्या व्हरांड्यात लोकांना वाटायचं ही परदेशातली डॉक्टरीण आहे. ते तिला गुडघे दाखवायचे, खोकून दाखवायचे. ती मन लावून ऐकायची आणि शेवटी त्यांचा हात धरून स्वतःच्या भाषेत प्रार्थना करायची. आवडाबाईंना चिकनगुनिया झाला आणि त्यांना उठताही येईना, तेव्हा त्या पोरीने घर सांभाळलं आणि दुरडीही चुकवली नाही. भाकऱ्या मात्र गोल व्हायच्या नाहीत. कडूबा म्हणायचे, "आज कोणत्या देशाचा नकाशा?" मग ती गेली, आणि आवडाबाईंची मलाईसाठीची विनंती सुरू झाली. ताई नक्की कुठल्या देशाची, हे आम्ही कुणी धड विचारलंच नव्हतं. 'आफ्रिकेची' एवढ्यावर आमचं भागत होतं.

आता माझ्या घरातलं सांगते. मी शाळेत मराठी शिकवते. जन्म मिशन कंपाउंडातला. आमच्यात 'मिशन' हा शब्द जागेचाच आहे. "तुम्ही मिशनातले का?" असं विचारतात. त्यामुळे मिशन म्हणजे बाहेरून कुणीतरी येऊन आपल्यासाठी केलेलं काम, अशीच माझी लहानपणापासूनची समजूत. शाळा त्यांनी काढली, दवाखाना त्यांनी काढला, आपण त्यात शिकलो आणि बरे झालो. आपल्यातून कुणी उठून बाहेर जायचं असतं, हे प्रवचनात ऐकलं होतं, मान डोलावली होती. पण आपल्यातून म्हणजे माझ्या घरातून, हे ऐकलं नव्हतं.

माझी मुलगी करुणा नर्स आहे. बाहेरगावी शिकली, मग इथल्याच एका दवाखान्यात लागली. एक दिवस जेवताना म्हणाली, "आई, एका मिशन हॉस्पिटलला नर्स पाहिजे. मी अर्ज केला होता. त्यांनी बोलावलंय. मलावीला."

मी विचारलं, "हे कुठे आलं?" तिने फोनवर नकाशा काढून दाखवला. एवढासा लांबट देश. मी त्याच्यावर बोट ठेवलं तर तो बोटाखाली दिसेनासा झाला.

त्यानंतर मी त्या देशाचं नाव घेणं सोडूनच दिलं. 'तिकडे' म्हणायचे. तिकडे मलेरिया आहे. तिकडे आजारी पडलीस तर तुला कोण बघेल? नातेवाईकांनी आगीत तेल ओतलं. माझी नणंद म्हणाली, "वहिनी, नर्सच आहे तर दुबईला तरी पाठवा. चार पैसे तरी येतील." ह्यांनी, करुणाच्या बाबांनी, एकदाच विचारलं, "तुझं मन पक्कं आहे ना?" आणि तिने हो म्हटल्यावर गप्प बसले. मी गप्प बसणारी नाही. मला शेवटची एक युक्ती सुचली. करुणा लहानपणापासून आवडाबाईंचं ऐकते. त्यांना घरी बोलवावं आणि त्यांच्या तोंडून पोरीला थांबवावं.

मी त्यांना सांगितलं, "आवडाबाई, पोरगी आफ्रिकेला जायचं म्हणते. तुम्ही समजावा. इथे काय कमी सेवा आहे? तुम्ही नाही का घाटीत करत?"

"येते की बाई," त्या म्हणाल्या.

संध्याकाळी त्या आणि कडूबा आले. करुणाने चहा ठेवला. आवडाबाईंनी मी सांगितलेलं अगदी इमानदारीने सुरू केलं. "पोरी, आई म्हणती ते बराबर हाय. हितं बी लई काम पडलंय. घाटीत ये माझ्यासंगं. एवढ्या लांब कामून जायचं? कुठं चाललीस तू?"

"मलावी, मावशी."

आवडाबाईंनी कप खाली ठेवला. "काय म्हनली?"

"मलावी."

"म्हंजे मलाई का?"

करुणाने डोळे मोठे केले. "मावशी, तुमची ताई मलावीची?"

"मंग मी इतके दिस काय सांगतीय?"

कडूबा मांडीवर थाप मारून हसायला लागले. हेही हसायला लागले. इतकी वर्षं आम्ही रविवारी त्या देशासाठी आमेन म्हणत होतो आणि आम्हाला पत्ता नव्हता. मला हसू आलं नाही. कारण आवडाबाई माझ्या बाजूच्या राहिल्या नाहीत, हे मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. त्या करुणाचा हात दोन्ही हातांत धरून बसल्या होत्या. थोड्या वेळाने माझ्याकडे वळून ओशाळं हसल्या. "बाई, माफी करा. तुमचं काम माझ्याच्यानं व्हायचं नाय. माझी पोर निघाली तवा तिच्या आईनं बी असंच कुणाला समजावाया बोलावलं असतं तर ती आली असती का?"

मग म्हणाल्या, "ताईला फोन लावा."

कडूबांच्या फोनमध्ये नंबर होता. तो लागेना. कडूबांनी कबूल केलं की बऱ्याच दिवसांपासून तो लागत नाही, पण आवडाबाईंना वाईट वाटेल म्हणून त्यांनी सांगितलं नव्हतं. करुणाने त्याच नंबरवर आवाज रेकॉर्ड करून पाठवला. आवडाबाई फोनवर इतक्या ओरडून बोलल्या की जणू तो आवाज चालत जाणार होता. उत्तर आलं नाही. दुसऱ्या दिवशी नाही, दुसऱ्या आठवड्यातही नाही. माझ्या भीतीला पुन्हा बळ आलं. तिथे आपलं म्हणावं असं कुणी आहे हे कळलं, आणि लगेच ती व्यक्ती कुठे आहे ते कुणाला माहीत नाही हेही कळलं.

त्या दिवसांत मी एकदा छावणीतल्या दफनभूमीत सासूबाईंच्या कबरीवर फुलं ठेवायला गेले. वाटेत एका परदेशी मिशनरी नर्सबाईंची जुनी कबर आहे. लहानपणापासून मी तिच्यावरून पुढे जात आले. नाव झिजलं आहे, वाचता येत नाही. त्या दिवशी पहिल्यांदा मनात आलं, हिला आई असेल. बोट सुटताना ती धक्क्यावर उभी राहिली असेल. माझ्या आजीचं बाळंतपण जिच्या हातून झालं ती हीच की दुसरी कुणी, मला माहीत नाही, पण कुणाची तरी लेक होती. मी सासूबाईंसाठी आणलेल्या फुलांतली अर्धी तिथे ठेवली. मन हलकं झालं असं म्हणणार नाही. पण ऋण आहे, एवढं कळलं.

करुणाच्या पाठवणीची उपासना पुढच्या रविवारी होती. पाठवणी हाच शब्द पाळकसाहेबांनी वापरला. आमच्यात लग्नात मुलीची करतात ती पाठवणी. करुणा पुढे उभी राहिली. पाळकसाहेबांनी मंडळीला विचारलं, "आपल्या या बहिणीला कोण पाठवतं?" सगळी मंडळी एका आवाजात म्हणाली, "आम्ही पाठवतो." मग ते आमच्या बाकाकडे वळले. "आणि आईवडील?" हे उभे राहून म्हणाले, "मी पाठवतो." मी उभी राहिले. तोंडातून शब्दच फुटेना. लोक वाट बघत राहिले. करुणा माझ्याकडे बघत होती आणि तिचाही चेहरा रडवेला झाला.

तेवढ्यात आवडाबाई खांबाजवळून उठल्या आणि तरातरा पुढे गेल्या. हातात कापडी पिशवी. करुणाला म्हणाल्या, "ओढणी धर." तिने गोंधळून ओढणीचा झोळ केला आणि आवडाबाईंनी पिशवी त्यात ठेवली.

बायकांत कुजबुज झाली. एकीचा आवाज जरा मोठाच आला, "अगं बया, चर्चमधी ओटी भरती का काय!"

आवडाबाई वळून म्हणाल्या, "ओटी नाय, पीठ हाय."

अख्खं चर्च हसलं. पाळकसाहेबही. करुणा हसत हसत डोळे पुसत म्हणाली, "मावशी, तिकडे सगळे मक्याचंच खातात. इथून कशाला न्यायचं?"

"तिथलं तिथं. हे माझ्या हातचं हाय. ताई घावली की तिला करून घाल. म्हणावं, आईनं पाठवलंय."

पाळकसाहेबांनी प्रसंग ओळखून प्रार्थना सुरू केली. मी खाली बसले. माझं वाक्य राहून गेलं ते राहूनच गेलं. विमानतळावरही मी फक्त "गोळ्या वेळेवर घे" एवढंच म्हणू शकले.

तिकडून तिचे फोन यायचे. आवाज तुटायचा. "सगळे खूप चांगले आहेत आई," ती म्हणायची. "फक्त वॉर्डात बायका काय बोलतात ते कळत नाही. रात्री जेवायला बसले की कुणाशी काय बोलावं कळत नाही." मी विचारायचे, "पण जेवलीस का?" आणि फोन ठेवल्यावर स्वयंपाकघरात जाऊन उगाच डबे पुसत बसायचे.

तिने तियामिकेचा शोध सुरू केला होता. पण तिथे ते नाव गल्लोगल्ली असतं म्हणे. हॉस्पिटलच्या लोकांनी आनंदाने तिच्यापुढे दोन-तीन तियामिके आणून उभ्या केल्या आणि त्यांतली कुणीही इंडियाला गेलेली नव्हती. शेवटी वॉर्डातली एक सिस्टर तिला म्हणाली, "आमच्या माहेरच्या चर्चमध्ये एक शिक्षिका आहे. ती दर रविवारी उठून सांगते, इंडियात मुकुंदाला माझी आई आहे, तिची आठवण ठेवा. आम्ही सगळे हसतो. मुकुंदा नावाचा देश आहे का कुठे?"

हे मला कळलं ते गेल्या महिन्यातल्या एका रविवारी. उपासना संपून आम्ही बायका आवारात लिंबाखाली चहा घेत होतो. करुणाचा व्हिडिओ कॉल आला. मी उचलला तर पडद्यावर करुणा नव्हतीच. दुसराच चेहरा होता, गालभर हसणारा.

"सलाम बाई! जेवलात का?"

माझ्या हातातला चहा सांडला. आवडाबाईंनी माझ्या हातून फोन जवळजवळ ओढूनच घेतला. "ताई! कुठं मेली हुतीस गं इतके दिस?"

"फोन पाण्यात पडला, आई. नंबर समदे गेले."

"मंग नवा घ्यायचा, गाढवे!"

"घेतला की! पण तुझा नंबर जुन्याच्या पोटात हुता."

कडूबा मागून मान घालून म्हणाले, "भाकरी गोल व्हती का आता?" तिकडून ती खदखदून हसली. मग करुणा दिसली. ताईच्या खांद्याला खांदा लावून, मांडीवर ताट. ताटात पांढरा घाटा. चेहरा भरला होता. आई म्हणून मी आधी तेच बघितलं.

"आई, पिठाला जाळी लागली होती," ताई तक्रार करत होती. "चाळून घेतलं."

"उन्हात ठेवायचं असतंय, हिला सांगितलं व्हतं म्या!" आवडाबाई करुणावर ओरडल्या. त्यांचे डोळे भरून वाहत होते आणि तोंड चालूच होतं. मग फोन पुन्हा माझ्याकडे आला. ताई जरा गंभीर झाली. आठवून आठवून, एकेक शब्द जुळवत म्हणाली, "बाई, आता फिकीर नाय करायची. दर सुट्टीला ही माझ्या घरी. माझी आई बी हाय हितं. ती इचारती, ही पोर इतक्या लांब कुणी पाठवली?"

पडद्याच्या कडेला एक म्हातारी बाई दिसत होती. डोक्याला रुमाल बांधलेला. ती माझ्याकडे बघत होती. तिनेही एकदा तिची मुलगी इतक्याच लांब पाठवली होती, आमच्या गावात, आणि आम्ही हात मिळवून घरी गेलो होतो. आवडाबाई तेवढ्या थांबल्या होत्या.

"मी," मी म्हणाले. "त्यांना सांग, मी पाठवली."

करुणा ताटावर वाकली. तिला माझ्यापासून तोंड लपवायचं होतं, पण मला दिसलं.

आज तिची रात्रपाळी आहे. तिची पाळी असली की मलाही झोप येत नाही, त्याला इलाज नाही. हे लिहीत बसले आहे ते त्यामुळेच. काळजी गेली असं नाही. मलेरिया तिथे अजून आहे आणि मी अजून त्यांच्याकडचा पाऊस फोनवर बघते. पण काळजीच्या शेजारी आता आभारही येऊन बसले आहेत, आणि दोघांचं बरं चाललं आहे.

गेल्या रविवारी पाळकसाहेबांनी विनंत्या विचारल्या तेव्हा आवडाबाईंच्या आधी मी उठले. नाव नीट घ्यायचं, शिक्षिकेसारखं, असं ठरवून उठले होते. उभी राहिले आणि तोंडातून निघालं, "माझी मुलगी मलाईला आहे. तिची याद ठेवा."

कुणीच हसलं नाही. मग पुरुषांच्या बाजूने कडूबांचा आवाज आला, "दुधाच्या वरच्या अंगाला," आणि सगळ्यांत आधी मला हसू फुटलं.